कंपनी चेष्टा करेल

आमचे भाऊजी कुठलाही कागद खालून वर वाचतात.

लग्नाची पत्रिका आली की आपण आधी गणपती बघतो, मग मुलामुलीची नावं, मग मुहूर्त. भाऊजी चष्मा कपाळावर सरकवतात, पत्रिका नाकाजवळ धरतात आणि छापखान्याच्या नावाच्याही खाली काही लिहिलंय का ते शोधतात. तिथून चढत चढत वर येतात. नवरीचं नाव त्यांना जवळजवळ शेवटी कळतं. औषधाच्या बाटलीचं तेच, विम्याच्या कागदाचं तेच, बिस्किटाच्या पुड्याचंही तेच. त्यांच्या मते माणूस मोठ्या अक्षरात गात असतो. खरं काय ते लहान अक्षरात पुटपुटतो.

"अक्षर लहान झालं ना साळेसाहेब, की समजायचं, आता बोलणं माझ्याशी सुरू झालं."

साळेसाहेब म्हणजे मी. भाऊजींच्या बायकोचा, म्हणजे माझ्या शैलाताईचा, धाकटा भाऊ. मी कमी बोलतो. घरात सगळ्यांना वाटतं तो माझा स्वभाव आहे. अर्धा स्वभाव असेल, अर्धी भीती आहे. आज भाऊजींबद्दल सांगायला बसलोय तर तेही सांगावं लागणार, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

जाहिरातीतल्या शब्दाच्या डोक्यावर जो बारीक तारा असतो, त्याला भाऊजी चांदणी म्हणतात. "चांदणी दिसली की खाली अंधार असतेच." जबलपूरला नेपियर टाउनमध्ये त्यांच्या घरासमोर एक कोचिंग क्लास आहे. मागे त्या लोकांनी दोन मजले उंच बॅनर लावला. 'शत-प्रतिशत चयन', आणि वर चांदणी. भाऊजी लगेच रस्ता ओलांडून गेले आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "दीदी, इस चांदणी की जोड़ी कहाँ है?" ती बिचारी कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधत बसली आणि म्हणाली, "अंकल, चाँदनी नाम की कोई स्टूडेंट नहीं है हमारे यहाँ." शेवटी दोघांनी मिळून बॅनरचा काठ धरून ओढला. एसीच्या डब्यामागे दुमडलेल्या भागात बारीक अक्षरात निघालं: 'चयनित विद्यार्थियों में से'. म्हणजे निवडलेल्या मुलांपैकी शंभर टक्के मुलं निवडली गेली होती. भाऊजी उलट खूश झाले. "खोटं काय आहे यात? काहीच नाही. म्हणून तर लपवून राहिले ते."

हा नाद कुठून आला ते सांगतो. भाऊजी वीज खात्याच्या ऑफिसात होते, तक्रारींच्या खिडकीवर. लोक सिहोऱ्याहून, कुंडमहून बस धरून यायचे, हातात भलतंच वाढलेलं बिल. भाऊजी नियम काढायचे, वाचायचे आणि म्हणायचे, "नियम में नहीं बैठता भैया." एवढं सगळेच म्हणतात. भाऊजी त्यानंतर खिडकी सोडून बाहेर यायचे, त्या माणसाला समोरच्या टपरीवर न्यायचे, चहा सांगायचे आणि ते बिल नियमात काहून बसत नाही ते पहिल्यापासून समजावून सांगायचे. माणूस रिकाम्या हातानं परत जायचा, पण शिव्या देत नाही जायचा. साहेब लोक चिडायचे. भाऊजी म्हणायचे, "नाही म्हणणं हे वाईट काम आहे. ते उभ्याउभ्या करू नये."

रिटायर झाल्यावर त्यांना नाही म्हणायला कुणी उरलं नाही. मग त्यांनी बाजू बदलली. आता ते ऐकतात.

इथे ताईचं सांगायला हवं. ताई पुण्याला आहे. लेकीच्या, पिंकीच्या, बाळंतपणाला गेली ती. जुळे झाले. सहा महिन्यांत येते म्हणाली. मग पाळणाघर धड मिळेना, मग पिंकीची नोकरी बदलली, मग जुळ्यांची शाळा सुरू झाली. आता ते जुळे इंग्रजीतून कविता म्हणतात, आणि ताई अजून 'येतेच आहे'. भाऊजी दोनदा तिकडे राहून आले. घर लहान. जावई भला माणूस आहे, पण रोज सकाळी सोफ्यावर झोपलेल्या सासऱ्याच्या पायांवरून वाकून कपाटातले मोजे काढायचे, म्हणजे भलेपणालाही हद्द असते. भाऊजी परत आले. जबलपूरची हवा मानवते म्हणाले.

भाऊजी मूळचे अचलपूरकडचे. तिथून चिखलदऱ्याचा डोंगर रोज दिसतो. लहानपणी रोज पाहिला, वर कधी गेले नाहीत. लग्न झाल्यावर ताईला म्हणाले, तुला चिखलदरा दाखवतो. मग नोकरी, मग पिंकीची शाळा, मग त्यांच्या आईचं आजारपण. आता असा बेत होता की ताईनं पुण्याहून अमरावतीला उतरायचं, भाऊजींनी इकडून जायचं, आणि दोघांनी दोनचार दिवस डोंगरावर राहायचं. ना पिंकी, ना जुळे, ना सोफा.

बेत सोपा होता. पण तो भाऊजींच्या हातात होता, आणि हॉटेलच्या खोल्या बुक करणाऱ्या कंपनीच्या साइटवर, पहिल्याच पानावर, एक चांदणी होती.

'सर्वात कमी दराची हमी' असं मोठ्या अक्षरात. याचा अर्थ असा की खोली आमच्याकडून घ्या; तीच खोली दुसरीकडे स्वस्त मिळाली तर आम्हाला दाखवा, वरचे पैसे आम्ही परत करू. भाऊजी थंडीच्या तोंडावर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर चिखलदऱ्याची खोली बुक करायचे. दोन माणसं, खिडकीतून दरी दिसणारी. मग मोबाईल घेऊन खुर्चीत बसायचे आणि तीच खोली दुसऱ्या कुठल्या साइटवर स्वस्त आहे का ते शोधायचे. ती सापडायचीच. फरक कितीचा? एका थाळीचा. मग फोन.

हे फोन मी कित्येकदा शेजारी बसून ऐकले आहेत. रविवारी मी डबा घेऊन जायचो, भाऊजी फोन स्पीकरवर ठेवून जेवायचे.

"सर, स्क्रीनशॉट मान्य नहीं है."

"तो क्या, होटल उठाके ले आऊँ आपके पास?"

"सर, हमारे सिस्टम पे भी वही रेट दिखना चाहिए. आप होल्ड कीजिए, मैं चेक करती हूँ."

मग संगीत. ते संगीत इतका वेळ चालायचं की वरण निवायचं. परत आल्यावर ती मुलगी सांगायची की आता तिकडेही भाव वाढलाय.

"तुम बाजा बजाती रही बेटा, उतने में बढ़ गया."

कधी दुसऱ्या साइटवरच्या खोलीत नाश्ता धरलेला नसायचा, म्हणून खोली तीच नव्हे. कधी तो भाव फक्त सभासदांसाठी असायचा. एकदा तर भांडण थेट डोंगरावर पोचलं. या कंपनीच्या पानावर खोलीचं नाव 'व्हॅली व्ह्यू' होतं आणि दुसऱ्या साइटवर 'व्हॅली फेसिंग'. मुलगा म्हणाला, सर, रूम टाइप अलग है. भाऊजींनी घास खाली ठेवला.

"भैया, एक बात बताओ. खाई कितनी हैं वहाँ पे?"

"जी?"

"वो जो खाई दिखती है खिड़की से. एक है, कि दो हैं?"

मुलगा म्हणाला, वरिष्ठांना विचारून सांगतो. आणि खरंच विचारून आला. वरिष्ठांनी सांगितलं होतं, दोन धरा. भाऊजींना ठसका लागेपर्यंत हसू आलं. मलाही हसू आलं. दराच्या भांडणात दरीची वाटणी झाली.

शेवट ठरलेला असायचा. दावा नामंजूर. मग भाऊजी खोली रद्द करायचे. मुदतीच्या आत रद्द केली की सगळे पैसे परत मिळायचे. नंतर आठवडाभर गल्लीतल्या प्रत्येकाला हकिगत. दूधवाला विचारायचा, क्या बाबूजी, गए नहीं घूमने? "कैसे जाते? भाव नहीं दिया उन्होंने." समोरच्या क्लासची मुलंसुद्धा ओळखायची. त्यांच्यात भाऊजींचं नाव चिखलदरा अंकल पडलं होतं. लोक हसायचे. एका थाळीसाठी बायकोची भेट घालवणारा म्हातारा. मीही हसणाऱ्यांत होतो. मनातल्या मनात तर मी चिडायचोही, कारण ती माझी बहीण होती.

आता माझं काम सांगतो.

मी एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात आहे आणि वेळ मिळेल तशी भाषांतरं करतो. इंग्रजीतून हिंदीत, कुणी मागितलं तर मराठीत. औषधांची पत्रकं, पंपांच्या पुस्तिका, मोबाईल कंपन्यांचे नियम. शब्द माझ्या हातातून जातात, डोक्यातून जातातच असं नाही. तर या खोल्यांच्या कंपनीच्या हमीच्या अटी, ते सगळं बारीक अक्षर, हिंदीत आणि मराठीत मी लिहिलेलं आहे.

मला ते भाऊजींमुळे कळलं. एका रविवारी मी दारात पाऊल ठेवलं तर ते उभेच होते, चेहरा उजळलेला.

"साळेसाहेब, या. एक प्रामाणिक कंपनी सापडली जगात."

"कोणती?"

"आपलीच. मराठीत पान सुरू केलं त्यांनी. ऐका." आणि त्यांनी बोट ठेवून वाचलं, "'ग्राहकास सर्वात कमी दर मिळावा यासाठी कंपनी यथाशक्ती चेष्टा करेल.'"

माझी कानशिलं तापली.

ज्यांना इकडची हिंदी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. शुद्ध, इस्त्री केलेल्या हिंदीत तर फारच चांगला प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे काय ते सांगायला नको. मी आधी हिंदी केलं होतं, मग मराठी. माझी शाळा हिंदी, ऑफिस हिंदी, भाजीवाला हिंदी. मराठी घरात, तीही आईपुरती. क्रियापदं तेवढी बदलली आणि काम पाठवून दिलं.

"यथाशक्ती!" भाऊजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "जमेल तेवढी करू म्हणून राहिले. हात राखून नाही करणार. आणि त्यांनी केली ना बे! दोन दऱ्या सांगितल्या मला. लिहिलं तसं वागले. वीज खात्यात एवढी इमानदारी नाही पाहिली मी."

त्यानंतर ते दुसऱ्या कुठल्या कंपनीकडे गेलेच नाहीत. आणि मी काही बोललो नाही. चूक कबूल करायची तर कंपनीला कळवावं लागलं असतं, आणि मग पुढचं काम मिळालं नसतं. भाऊजींना सांगायचं तर त्यांचं कौतुक माझ्यावर आलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं. मी डबा उघडला. म्हटलं, भाजी गरम आहे, घ्या.

पण ती गोष्ट आत बसली. दर रविवारी ते माझीच वाक्यं मला वाचून दाखवायचे. 'अंतिम निर्णय कंपनीचा राहील.' 'खोली सर्वार्थाने समान असावी.' "सर्वार्थाने!" भाऊजी म्हणायचे, "कोणी लिहिलं असेल बे हे? मोठा आतल्या गाठीचा माणूस असला पाहिजे." मला वाटायला लागलं, माझी बहीण पुण्यात आणि हा माणूस इथे, मध्ये दरी कुठे असेल तर ती माझ्या अक्षरांची आहे. आता लिहिताना कळतं की यातही थोडा अहंकारच होता. तेव्हा तो पश्चात्ताप वाटत होता.

या थंडीत त्यांनी पुन्हा खोली बुक केली, पुन्हा दावा लावला. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता काहीतरी केलं. कंपनीत ज्या मॅडम मला काम देतात त्यांना फोन लावला. म्हटलं, एक वृद्ध गृहस्थ आहेत, जुने ग्राहक आहेत, दावा खरा आहे, एकदा बघा ना. नात्याचं सांगितलं नाही. मॅडम म्हणाल्या, "इतनी सी बात? हो जाएगा जी." सुटल्यासारखं झालं. त्या आठवड्यात मी ऑफिसातही दोन वाक्यं जास्त बोललो.

रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो. जिंकलेला माणूस बघायचा होता.

भाऊजी खुर्चीत होते, मोबाईल नाकाजवळ. नेहमीसारखे तळापासून वाचत होते, त्यामुळे मंजुरी त्यांना शेवटी कळणार होती. आधी कळलं ते सगळ्यात खालचं वाक्य: 'दावा मंजूर झाल्यानंतर सदर बुकिंग रद्द करता येणार नाही व रक्कम परत मिळणार नाही.' हेही मीच लिहिलेलं. मी ते विसरलो होतो. खरं सांगायचं तर विसरायला मी ते कधी वाचलंच नव्हतं, फक्त लिहिलं होतं.

मग ते वर गेले. एकदा. पुन्हा खाली आले. पुन्हा वर गेले.

"मंजूर केलं," ते म्हणाले.

"अरे वा! अभिनंदन भाऊजी!"

"काहून केलं पण?"

त्यांनी मोबाईल पालथा करून मांडीवर ठेवला. एखाद्याच्या हातातून ऐन पावसात छत्री जावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला काही समजेना. मी डबा काढला, तर त्यांनी हातानंच थांब म्हटलं. आणि तेवढ्यात ताईचा फोन आला. जुळ्यांना खाली खेळायला घेऊन गेली की ती बाकावर बसून फोन करते. मागे पोरांचा आरडाओरडा असतो. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता. मी आहे हे तिला माहीत नव्हतं.

"अहो, जेवलात का?"

"जेवतोच आहे. ऐकून राहिली का, ते चिखलदऱ्याचं..."

ताई गप्प झाली. मी तिला जन्मल्यापासून ओळखतो. ती अशी गप्प होते तेव्हा ती नाही कसं म्हणावं ते शोधत असते. तिला नाही म्हणता येत नाही. पिंकीला आलं नाही, आणि भाऊजींनाही येणार नव्हतं. पोरांचा आवाज तेवढा येत राहिला.

"नाही दिला त्यांनी भाव," भाऊजी म्हणाले. "मी म्हटलं, मग नाही येत जा. रद्द करून टाकलं."

"तुम्ही पण ना!" ताई म्हणाली. पण तिच्या छातीवरून काहीतरी उतरल्याचं मला इथे नेपियर टाउनमध्ये ऐकू आलं. "एवढ्यातेवढ्यासाठी कुणी बेत मोडतं का? मी इकडे म्हणत होते, पिंकीचं नेमकं त्याच आठवड्यात टूरचं निघालंय, आता कसं करावं... पण जाऊ द्या. तुमचंच जमलं नाही."

"हो ना. माझंच नाही जमलं."

"पुढच्या वेळी जरा कमी भांडा."

"पाहू."

"आणि तो सोनू झोपाळ्यावरून पडतोय, ठेवते हं."

फोन ठेवला गेला. समोरच्या क्लासमध्ये कुणीतरी माइकवर रसायनशास्त्र शिकवत होतं. आम्ही दोघंही ते ऐकत बसलो.

मग मी बोललो. आयुष्यात इतकी वाक्यं सलग मी कुणापुढे बोललो नसेन. म्हटलं, भाऊजी, मंजुरी मीच करवली. ते नियमही माझेच. ती चेष्टाही माझीच.

"ते माहीत होतं," भाऊजी म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"चेष्टा. आपल्या जबलपूरचं मराठी आहे ते, पुण्याचा माणूस कशाला लिहील तसं? आणि तुझा चेहरा पाहिला ना मी त्या दिवशी." ते थोडं थांबले. "पण मंजुरी काहून करवली?"

"तुम्ही किती वर्षं भांडून राहिले भाऊजी. म्हटलं, एकदा तरी जिंकावं तुम्ही."

"मला जिंकायचं आहे असं कोण बोललं तुला?"

मी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"अबे, मी सगळी उमर नियम वाचले. जिंकायचं असतं तर नियम पाहून बुकिंग केलं असतं ना? नाश्ता जुळवला असता, खोलीचं नाव जुळवलं असतं. हरायलाही नियम पाहूनच हरावं लागते." पुढचं बोलले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. "पहिल्या वर्षी तिनं नाही म्हटलं होतं. पोरांना ताप होता, सोडून येणं शक्य नव्हतं. काही चुकलं नाही तिचं. पण मग रोज फोनवर रडायची. तुम्हाला एकटं टाकलं, तुम्हाला नाही म्हटलं. महिनाभर. मी म्हटलं, हे काम तिच्याकडून करवून घ्यायचं नाही आता. नाही म्हणायला एक कंपनी पाहून ठेवू."

"मग बुकच नका करू ना."

"मग तिला वाटेल, मी न्यायचं सोडून दिलं."

यावर मी खूप विचार केला. पिंकीला नोकरी सोड म्हणता येत नाही. ताईला पोरं सोड म्हणता येत नाही. भाऊजींना सोफ्यावर जाऊन झोपा म्हणता येत नाही. सगळी माणसं चांगली आहेत, म्हणून काही करता येत नाही. कुणी एक तरी वाईट हवं होतं. भाऊजींनी ते शोधलं होतं, दोन दऱ्या मोजणारं, आणि मी जाऊन त्याला चांगलं करून आलो.

मी हे लिहावं की नाही, हाही प्रश्न आहे. ताई मराठी वाचते. हे तिच्या हाती पडलं तर भाऊजींनी इतकी वर्षं अंगावर घेतलेली नाचक्की एका झटक्यात वाया जाईल. पण मला वाटतं, कंजूस नवऱ्यावर चिडत म्हातारं होण्यापेक्षा तिला कळलेलं बरं. हे तिला तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नाही. आमच्या घरात असली कामं दुसऱ्यानंच करायची असतात.

बुकिंगच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते कुठेही जाऊ शकत नव्हते. ताईच्या लेखी ते घरी होते, आणि तिचा फोन, कधीकधी चेहरा दिसणारा, यायचा होता. त्यांनी दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. मी विचारलं नाही. आम्ही ताटं घेणार तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. भाऊजींनी स्पीकरवर घेतला.

"साहेब, नमस्कार, चिखलदऱ्याहून बोलून राहिलो, हॉटेलातून. आजचं बुकिंग हाये तुमचं. दोघं जण लिहून हाये. कुठवरी आले जी?"

मला वाटलं, भाऊजी सांगतील, येत नाही म्हणून. त्यांनी तोंड उघडलंही. नियमात काय बसतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? पण त्या माणसाचा आवाज अचलपूरकडचा होता, वाट पाहणारा होता, आणि त्याला उभ्याउभ्या नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"परतवाडा सोडला आम्ही," भाऊजी म्हणाले. "घाटात आहो."

"सांभाळून या जी, धुकं हाये लय. जेवण ठेवू का? किचन लवकर बंद होते इकडं."

"ठेवा."

"दोन ताटं?"

"हो, दोन," भाऊजी म्हणाले. "आणि हे पहा, एका ताटात तिखट जरा कमी टाका. बाईंना चालत नाही."